शेळीच्या अंडाशयातील पुटकद्रव: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

शेळीच्या प्रजननावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे अंडाशयातील पुटकांमध्ये साठणाऱ्या द्रवाविषयी आहेत. काही प्रश्न अभ्यासकांचे आहेत, काही शेळीपालकांचे. विषय एकच असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. फॉलिकलला येथे पुटक आणि त्यातील द्रवाला पुटकद्रव म्हटले आहे.

प्रश्न: शेळीचे अंडाशय पाहिले, तर त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांसारखे काही दिसते. त्यात नेमके काय असते? ते रक्तच गाळून आलेले असते का? (विज्ञान शिक्षक, उमरेड)

उत्तर: आपण पाहिलेले फोड म्हणजे वाढीला लागलेली पुटके. शेळीचे अंडाशय बदामाच्या आकाराचे असून लांबीला साधारण दीड ते दोन सेंटिमीटर भरते. त्याच्या पृष्ठभागावर 1 मिलिमीटरपासून 6 ते 9 मिलिमीटरपर्यंतची पुटके दिसतात. प्रत्येक पुटकात एक अंडपेशी असते आणि तिच्याभोवतीच्या पोकळीत फिकट पिवळसर, किंचित चिकट द्रव असतो.

हा द्रव रक्तद्रवातून गाळून येतो, ही आपली समजूत निम्मी बरोबर आहे. पुटकाच्या बाहेरच्या थरात, म्हणजे थीकात, केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्याच्या आत एक पातळ आधारपटल आणि त्याच्याही आत ग्रॅन्युलोसा पेशींचे थर असतात, आणि या आतल्या थरांत एकही रक्तवाहिनी शिरत नाही. रक्तातील जे काही आत येते ते या पटलातून पार होऊनच येते. हे पटल चाळणीसारखे काम करते. ग्लुकोज, युरिया, सोडियम यांसारखे लहान रेणू सहज आत जातात आणि अल्ब्युमिनसारखी मध्यम आकाराची प्रथिनेही बऱ्याच प्रमाणात जातात. मात्र अतिशय मोठे रेणू बाहेरच अडतात. म्हणूनच पुटकद्रवातील एकूण प्रथिने रक्तद्रवापेक्षा कमी भरतात आणि त्या प्रथिनांत अल्ब्युमिनचा वाटा सर्वांत मोठा असतो.

कोलेस्टेरॉलचे उदाहरण पाहिले, तर या चाळणीचे महत्त्व विशेष लक्षात येते. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांपैकी एचडीएल हा सर्वांत लहान कण असून पुटकद्रवात जवळजवळ तोच सापडतो, कारण एलडीएल आणि व्हीएलडीएल हे आकारामुळे आत येऊ शकत नाहीत. पुटक फुटून अंडपेशी बाहेर पडली की आधारपटल विस्कटते आणि रक्तवाहिन्या थेट आत शिरतात. मग त्याच जागी तयार होणाऱ्या पीतपिंडाला एलडीएलमधील कोलेस्टेरॉल मुबलक मिळू लागते आणि त्यापासून तो प्रोजेस्टेरॉन हे गाभ टिकवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवतो. त्याच पेशी, तीच जागा, पण कच्चा माल पोचण्याची वाट मोकळी झाली की काम पालटते. वर्गात शिकवण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

उरलेला निम्मा भाग पुटकाच्या स्वतःच्या पेशींचा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुष ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके येतात. एलएचच्या प्रभावाखाली थीका पेशी अँड्रोजेन, म्हणजे नर-संप्रेरक, बनवतात. ते आत झिरपते आणि एफएसएचच्या प्रभावाखाली ग्रॅन्युलोसा पेशी त्याचे इस्ट्रॅडायॉल या माज आणणाऱ्या मादी-संप्रेरकात रूपांतर करतात. इनहिबिन, हायल्युरोनिक आम्ल आणि अनेक वाढघटकही येथेच तयार होऊन द्रवात मिसळतात. हायल्युरोनिक आम्लासारखे मोठे रेणू एकदा आत तयार झाले की बाहेर पडू शकत नाहीत. ते पाणी ओढून धरतात आणि पोकळी फुगण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

प्रश्न: मी कत्तलखान्यातून आणलेल्या शेळ्यांच्या अंडाशयांतील पुटकद्रवाचे जैवरासायनिक विश्लेषण करत आहे. ग्लुकोज, कोलेस्टेरॉल आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचे माझे आकडे प्रकाशित आकड्यांशी जुळत नाहीत. माझ्याच दोन दिवसांच्या नमुन्यांतही मोठा फरक येतो. चूक कोठे असावी? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: आपण पाठवलेल्या तक्त्यात प्रत्येक दिवसाचा एकच आकडा आहे. म्हणजे त्या दिवशी सापडलेल्या सर्व पुटकांचा द्रव एकाच नळीत घेतला गेला असावा. फरकाचे मूळ बहुधा तेथेच आहे. पुटकद्रवाची एकच एक ठरावीक रचना नसते. पुटक वाढते तशी ती बदलते, त्यामुळे आकाराची नोंद नसलेल्या आकड्याची तुलना दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी करता येत नाही.

प्रथम आकाराचे पाहू. शेळीच्या पुटकांचे सामान्यतः 3 मिलिमीटरपेक्षा लहान, 3 ते 5 मिलिमीटर आणि 5 मिलिमीटरपेक्षा मोठी असे गट करतात. लहान गटाकडून मोठ्या गटाकडे जाताना ग्लुकोज वाढते आणि लॅक्टेट कमी होते. याचे कारण पुटकाच्या रचनेतच आहे. ग्रॅन्युलोसा थरात रक्तवाहिन्या नसल्याने तेथे प्राणवायू तुटपुंजा असतो आणि पेशींना ग्लुकोज अपुरे जाळून लॅक्टेटवर थांबावे लागते. लहान पुटकात पेशी पुष्कळ आणि द्रव थोडा, त्यामुळे ग्लुकोज झपाट्याने संपते आणि लॅक्टेट साचते. मोठ्या पुटकात द्रवाचे आकारमान पेशींच्या मानाने खूप वाढलेले असते. शिवाय बाहेरील केशवाहिन्यांचे जाळेही दाट झालेले असते. अल्कलाइन आणि ॲसिड फॉस्फेटेजची क्रियाशीलता मात्र पुटक वाढेल तशी घटत जाते, असे शेळ्यांवरील अभ्यासांत आढळले आहे. गायींच्या पुटकांत पोटॅशियम लहान गटात अधिक असते, कोलेस्टेरॉल मोठ्या गटात वाढते, तर सोडियममध्ये आकारानुसार फारसा बदल होत नाही. आपल्या तक्त्यात सोडियम दोन्ही दिवशी जवळजवळ सारखे आहे आणि ग्लुकोज निराळे आहे. यावरून मला असे वाटते की आपले यंत्र किंवा रसायने दोषी नाहीत. एका दिवशी मोठी पुटके अधिक मिळाली आणि दुसऱ्या दिवशी लहान.

दुसरी गोष्ट पुटकाच्या प्रकृतीची. अंडाशयातील बहुसंख्य पुटके अंडपेशी बाहेर टाकण्याच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच ऱ्हास पावतात. शेळीच्या सुमारे 21 दिवसांच्या ऋतुचक्रात पुटकांच्या वाढीच्या साधारण तीन ते चार लाटा येतात आणि शेवटच्या लाटेतील एखाददुसरे, फार तर दोन-तीन पुटके फुटतात. त्यामुळे 5 मिलिमीटरचे पुटक हाती आले तरी ते निरोगी आहे की उतरणीला लागले आहे, हे ठरवावे लागते. निरोगी पुटक भिंगाखाली पारदर्शक दिसते, त्याच्या भिंतीवर बारीक लालसर वाहिन्या स्पष्ट दिसतात आणि द्रव स्वच्छ असतो. ऱ्हास पावणारे पुटक करडे, मळकट दिसते आणि त्याच्या द्रवात पेशींचे कण तरंगतात. संप्रेरकांचे मोजमाप शक्य असेल तर इस्ट्रॅडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन यांचे गुणोत्तर काढावे. वाढत्या निरोगी पुटकात इस्ट्रॅडायॉल वरचढ असते, ऱ्हासात प्रोजेस्टेरॉन. मात्र एलएचची लाट, म्हणजे अंडपेशी सुटण्याआधी होणारी त्याची एकदम वाढ, येऊन गेल्यावर निरोगी पुटकातही इस्ट्रॅडायॉल उतरते आणि प्रोजेस्टेरॉन चढते, म्हणून केवळ गुणोत्तरावर निवाडा करू नये. अंडाशयावर ताजा पीतपिंड आहे का, याची नोंद जोडली तर चक्राचा टप्पा बराचसा कळतो.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते आपल्याकडील अभ्यासांत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. शेळी कापल्यावर रक्तपुरवठा थांबतो, पण ग्रॅन्युलोसा पेशी लगेच मरत नाहीत. अंडाशय कोमट सलाइनमध्ये ठेवून प्रयोगशाळेत आणले तर वाटेत त्या ग्लुकोज वापरत राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. अंडपेशी जिवंत ठेवण्यासाठी 30 ते 37 अंश सेल्सिअसचे कोमट सलाइन योग्य आहे, पण ग्लुकोज मोजण्यासाठी तेच घातक ठरते. रासायनिक विश्लेषण हाच उद्देश असेल तर अंडाशय बर्फावर आणावेत, किंवा त्याहून चांगले म्हणजे कत्तलखान्यातच द्रव ओढून घ्यावा. कापण्याची आणि द्रव ओढण्याची वेळ प्रत्येक नमुन्यावर लिहावी. दोन दिवसांपैकी एका दिवशी वाहतुकीत अडकून तासभर उशीर झाला असेल, तर तेवढ्यानेही ग्लुकोजचा आकडा बदलू शकतो.

शेवटी एककांकडे पाहावे. जुन्या भारतीय शोधनिबंधांत ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असते, तर परदेशी निबंधांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये; पहिल्याला 18 ने भागले की दुसरे मिळते. कोलेस्टेरॉलसाठी भाजक 38.67 आहे. युरिया आणि युरिया नायट्रोजन हे तर दोन वेगळे आकडे आहेत. नायट्रोजनचा आकडा 2.14 ने गुणला की युरियाचा मिळतो. हे लक्षात न घेतल्यास दोन अभ्यासांत दुपटीचा फरक दिसतो, जो प्रत्यक्षात नसतोच.

प्रश्न: पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत काम करतो. एका पुटकातून मिळणारा द्रव इतका थोडा असतो की ऑटोॲनालायझर, म्हणजे चाचण्या करणारे स्वयंचलित यंत्र, नमुना घेतच नाही. तो पाण्याने पातळ केला तर चालेल का? नळी कोणती वापरावी? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वाडी)

उत्तर: पाण्याने पातळ करू नये. एन्झाइमे आणि क्षार या दोन्हींच्या मापनावर त्याचा परिणाम होतो. पातळ करणे अटळच असेल तर सामान्य सलाइन वापरावे आणि त्या नमुन्यात सोडियम व क्लोराइड मोजू नये.

अडचण किती खरी आहे हे हिशेबाने दिसते. 3 मिलिमीटर व्यासाचा पूर्ण गोल भरला तरी त्यात 14 मायक्रोलिटरच द्रव मावतो, तर 6 मिलिमीटरच्या गोलात 113 मायक्रोलिटर. व्यास दुप्पट झाला की द्रव आठपट होतो. भिंतीची जाडी आणि सुईत राहून जाणारा भाग वजा जाता प्रत्यक्षात यापेक्षाही कमीच हाती येते. एक मिलिलिटर द्रवासाठी 3 मिलिमीटरची सत्तराहून अधिक पुटके लागतात, म्हणून लहान गटात नमुने एकत्र करण्याला पर्याय नाही. मात्र एकत्र करताना एकाच आकाराची, एकाच दिवसाची पुटके घ्यावीत आणि 5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या पुटकांचा द्रव शक्यतो स्वतंत्र ठेवावा.

द्रव ओढण्यापूर्वी अंडाशय सलाइनने धुऊन टिपकागदावर कोरडे करावेत, नाहीतर पृष्ठभागावरील सलाइन आणि रक्त सुईबरोबर आत येते. सुई थेट पुटकाच्या भिंतीतून न टोचता शेजारच्या अंडाशयाच्या भागातून आत न्यावी, म्हणजे द्रव बाहेर गळत नाही. ओढलेला द्रव लालसर दिसला तर तो नमुना बाजूला काढावा. फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे लॅक्टेट डिहायड्रोजनेज आणि एएसटी ही एन्झाइमे खोटी वाढलेली दिसतात.

नळीच्या बाबतीत सवयीने जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी उचलली जाते, ती येथे टाळावी. पोटॅशियमयुक्त ईडीटीए पोटॅशियमचा आकडा वाढवते, कॅल्शियम बांधून ठेवते आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला लागणारे धातूचे आयन हिरावून घेऊन त्याची क्रिया थांबवते. म्हणजे तिन्ही आकडे एकाच नळीने बिघडतात. ग्लुकोज आणि लॅक्टेटसाठी फ्लोराइडची नळी आणि उरलेल्या सर्व चाचण्यांसाठी साधी नळी अशी विभागणी करावी. सेंट्रिफ्यूज करून पेशी काढल्यावर वरचा स्वच्छ द्रव लहान लहान भागांत वाटून उणे 20 अंशांवर ठेवावा, म्हणजे एकच नमुना वारंवार वितळवावा लागत नाही.

प्रश्न: माझ्याकडे बेरारी शेळ्या आहेत. काही शेळ्या वारंवार उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, काहींना नेहमी एकच करडू होते. या द्रवाची तपासणी करून दोष कळेल का? खुराकात बदल केल्यास उपयोग होईल का? (शेळीपालक, काटोल)

उत्तर: जिवंत शेळीच्या पुटकातील द्रव काढण्यासाठी तिला भूल देऊन पोटातून दुर्बीण घालावी लागते. हे संशोधनासाठी केले जाते. गोठ्यातील शेळीचा दोष शोधण्यासाठी त्याची गरज नाही आणि कोणी तसे सुचवले तर त्यावर पैसे खर्च करू नयेत.

आपल्या कामाचे आहे ते असे की लहान रेणू रक्तातून पुटकात सहज जात असल्याने शेळी काय खाते याचा परिणाम अंडपेशीच्या भोवतालच्या द्रवापर्यंत पोचतो. बोकड दाखवण्याच्या दोन ते तीन आठवडे आधीपासून रोज 200 ते 300 ग्रॅम मका किंवा ज्वारीचा भरडा देण्याची जी पद्धत आहे, तिचा आधार हाच आहे. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना ल्युपिन या कडधान्याचे दाणे काही दिवस दिल्यावर वजनात लक्षात येण्याजोगा फरक न पडताही एका वेळी सुटणाऱ्या अंडपेशींची संख्या वाढल्याचे दिसले आहे. रक्तातील ग्लुकोज आणि इन्सुलिन वाढले की त्याचा परिणाम थेट अंडाशयावर होतो, असे त्यातून समजले. हा फायदा मध्यम किंवा किंचित हडकुळ्या शेळ्यांत दिसतो. आधीच लठ्ठ असलेल्या शेळीला भरडा वाढवून काही मिळत नाही. भरडा एकदम सुरू करू नये, आठवडाभरात हळूहळू वाढवावा, अन्यथा पोटात आम्ल होऊन शेळी दगावण्याची भीती असते.

उन्हाळ्यात नुसते तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार खाऊन राहिलेल्या शेळ्यांत ऊर्जा आणि खनिजे दोन्ही कमी पडतात, म्हणून खनिज मिश्रण वर्षभर द्यावे. दुसऱ्या टोकाला, सरकीची ढेप हात सैल सोडून देणे किंवा युरियाचा वापर अंदाजाने करणे हेही टाळावे. प्रथिनांचा अतिरेक झाला की रक्तातील युरिया वाढतो आणि तो कोणत्याही अडथळ्याशिवाय पुटकात उतरतो. मेंढ्या आणि गायींवरील प्रयोगांत अशा वाढलेल्या युरियाने अंडपेशी आणि सुरुवातीच्या गर्भाचे नुकसान झालेले आहे.

शेळ्या उलटण्याचे कारण मात्र मी आधी अन्यत्र शोधेन. शेळीचा माज साधारण 24 ते 48 तास टिकतो आणि अंडपेशी माज सुरू झाल्यापासून सुमारे 30 ते 36 तासांनी, म्हणजे माजाच्या अखेरीस सुटते. शेळी शेपटी हलवू लागली, ओरडू लागली की लगेच बोकड दाखवून मोकळे होणे हे उलटण्यामागचे सर्वसाधारण कारण असते. माज दिसल्यापासून 12 तासांनी एकदा आणि त्यानंतर 12 तासांनी पुन्हा असा दोनदा बोकड द्यावा. एकाच बोकडाकडच्या बऱ्याच शेळ्या उलटत असतील तर बोकडाचे वीर्य तपासून घ्यावे. कळपात गाभ टाकण्याचे प्रकार घडले असतील तर ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासावे आणि तोवर टाकलेला गाभ किंवा वार उघड्या हाताने उचलू नये, कारण हा रोग माणसालाही होतो. एकच करडू होण्यात जातीचा आणि वंशाचा भाग मोठा असतो, म्हणून पुढच्या पाठी (मादी करडे) निवडताना जुळी देणाऱ्या शेळ्यांच्याच ठेवाव्यात.

प्रश्न: नागपूरच्या मे महिन्यातील उन्हाचा या द्रवावर परिणाम होतो का? (वाचक, हिंगणा)

उत्तर: होतो. शेळ्यांना उष्णतेचा ताण देऊन केलेल्या प्रयोगांत पुटकातील इस्ट्रॅडायॉल घटल्याचे आढळले आहे. इस्ट्रॅडायॉल कमी म्हणजे माज फिका, आणि फिका माज गोठ्यात नजरेतून सुटतो. पारा 45 अंशांपर्यंत जातो त्या दिवसांत शेळ्या सकाळी लवकर आणि सायंकाळी चाराव्यात, दुपारी उंच छपराखाली ठेवाव्यात आणि पाणी सतत समोर असू द्यावे. पुटक वाढण्यास दीर्घ काळ लागत असल्याने उन्हाळा सरल्यावरही काही आठवडे परिणाम रेंगाळू शकतो.

प्रश्न: प्रयोगशाळेत शेळीचे भ्रूण तयार करताना हाच द्रव वापरतात, असे ऐकले. तसे असेल तर कृत्रिम माध्यमाची गरजच काय? (पदवीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: आपण ऐकले ते खरे आहे. शरीराबाहेर फलन करून शेळीचे पिल्लू जन्माला घालण्यात पहिले यश 1985 मध्ये जपानमध्ये मिळाले. आपल्या देशात काश्मीरमध्ये 2012 साली नूरी या पश्मिना शेळीचा जन्म क्लोनिंगने झाला. अशा कामासाठी अंडपेशी प्रथम प्रयोगशाळेत पक्व कराव्या लागतात. त्यासाठी 38.5 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या पेटीत त्या सुमारे 24 ते 27 तास ठेवतात. त्या माध्यमात साधारण 10 टक्के पुटकद्रव मिसळण्याची पद्धत आहे.

नुसता पुटकद्रव का वापरत नाहीत, याचे उत्तर अंडपेशीच्या जीवनक्रमात आहे. अंडपेशी पुटकात असते तेव्हा तिचे विभाजन मुद्दाम थांबवून धरलेले असते. भोवतालच्या पेशींकडून येणारे सायक्लिक जीएमपी हे संदेशवाहक रेणू आणि द्रवातील हायपोझँथिनसारखे घटक ते काम करतात. एलएचची लाट आली की हा अटकाव सुटतो. म्हणजे वाढत्या पुटकातील द्रव अंडपेशीला सांभाळतो तसाच तिला रोखूनही धरतो. तो शंभर टक्के वापरला तर पक्वता पुढे सरकण्याऐवजी अडू शकते. थोड्या प्रमाणात मात्र त्यातील वाढघटक आणि संप्रेरके उपयोगी पडतात, आणि तेही मोठ्या, निरोगी पुटकांच्या द्रवातच. अंडपेशी स्वतः ग्लुकोज फारसे वापरू शकत नाही. तिच्याभोवतीच्या क्युम्युलस पेशी ग्लुकोजचे पायरुवेट करून तिला पुरवतात. म्हणून माध्यम कोणतेही असले तरी अंडपेशी निवडताना क्युम्युलस पेशींचे आवरण अखंड असलेल्याच घ्याव्यात. द्रव वापरण्यापूर्वी 56 अंशांवर 30 मिनिटे तापवून 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावा आणि प्रत्येक खेपेच्या बाटलीवर तो किती मिलिमीटरच्या पुटकांतून घेतला हे लिहून ठेवावे.